पर्सनल स्टेटमेंटमध्ये बाळ: कुठे आणि किती

नीटच्या अर्जात निबंध नसतो. 180 प्रश्न, 720 गुण आणि काळे करायचे गोल. तुम्ही कुणाची आई आहात की बाप, हे सांगायला तिथे जागाच नाही. 2022 मध्ये वयाची वरची अट निघाली, तेव्हापासून दोन मुलांची आईसुद्धा रीतसर एमबीबीएसच्या प्रवेशासाठी बसू शकते. पण मुलं झोपल्यावर तिनं अभ्यास कसा केला, हे तिला कोणी विचारत नाही. नागपूरच्या आसपास अपवाद म्हणून आठवते ती सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था. त्यांची स्वतःची प्रवेशपरीक्षा होती आणि तिच्यात गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा. नीट सक्तीची झाली आणि तोही इतिहासजमा झाला.

त्यामुळे मेडिकल, मेयो, सावंगी किंवा डिगडोहला शिकलेल्या डॉक्टरला ‘स्वतःबद्दल लिहा’ असं आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं जातं ते बहुतेक वेळा अमेरिकेतल्या रेसिडेन्सीचा अर्ज भरताना. यूएसएमएलईच्या परीक्षा देईपर्यंत तिशी आलेली असते, लग्न झालेलं असतं आणि बऱ्याच जणींच्या कडेवर मूल असतं. मग प्रश्न पडतो, या मुलाचं करायचं काय? टेलिग्रामच्या ग्रुपवर याची दोन उत्तरं मिळतात. एक, चुकूनही लिहू नका, नापास कराल स्वतःला. दोन, बिनधास्त लिहा, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. दोन्ही उत्तरं देणाऱ्यांनी बहुधा अर्जाची खिडकी उघडूनही पाहिलेली नसते.

माझं मत असं: मूल झाल्यानंतर तुमच्या डॉक्टरकीत काही बदललं असेल आणि तो बदल एखाद्या पेशंटच्या बाजूला उभं राहून दाखवता येत असेल, तर मूल निबंधात यावं. तसं दाखवता येत नसेल तर त्याची जागा तारखांसकट एका ओळीत. पुढची सगळी कृती या एकाच चाळणीवर उभी आहे. ती रेसिडेन्सीच्या अर्जासाठी, म्हणजे ‘इरास’साठी लिहिली आहे, अमेरिकेतच नव्यानं मेडिकल स्कूलला अर्ज करणाऱ्यांसाठी पुढे वेगळा परिच्छेद आहे.

लागणारं साहित्य

एक वही. बाळाचा जन्मदाखला. इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, मेडिकल कौन्सिलची नोंदणी, आरएमओ किंवा मेडिकल ऑफिसर म्हणून काम केल्याचे दाखले, रजेचा आदेश असेल तर तोही. यातली एकही गोष्ट निबंधात चिकटवायची नाही. तारखा आठवणीतून लिहू नयेत, एवढ्यासाठीच हे कागद समोर हवेत.

शिवाय रोज सलग दोन तास, निदान दोन आठवडे. इरासचा हंगाम जूनमध्ये उघडतो आणि अर्ज सप्टेंबरमध्ये पाठवता येतो. नागपुरात याचा अर्थ असा की पहिला खर्डा नवतप्यात लिहायचा. दुपारी कोणी कोणाकडे जात नाही, कूलरच्या आवाजात लेकरू झोपतं. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे मूल मोठं असेल तर जूनचा शेवटचा आठवडा डबा, दप्तर, रेनकोट यांत जातो. तेव्हा निबंध होत नाही.

आणि आकडे माहीत हवेत. इरासमध्ये पर्सनल स्टेटमेंटला 28,000 अक्षरांची मर्यादा आहे. ती विसरून जा. छापल्यावर एक पान भरेल एवढंच लिहायचं असतं आणि त्याहून जास्त कोणी वाचत नाही. अनुभवांच्या विभागात जास्तीत जास्त 10 अनुभव, प्रत्येकाला 750 अक्षरं. त्यातले तीन ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडायचे आणि प्रत्येकाबद्दल आणखी 300 अक्षरांत सांगायचं. याशिवाय आयुष्यातल्या अडचणींबद्दल 750 अक्षरांचा एक ऐच्छिक रकाना असतो. म्हणजे मुलाला ठेवायला घरात चार खोल्या आहेत, आणि बहुतेक जण त्याला थेट दिवाणखान्यात आणून बसवतात.

1. महिन्यांचा तक्ता करा

एमबीबीएसच्या शेवटच्या परीक्षेपासून आजपर्यंतचा प्रत्येक महिना वहीत उभा लिहून काढा. समोर एका शब्दात: इंटर्नशिप, स्टेप वन, आरएमओ, गरोदरपण, घरी, स्टेप टू, ऑब्झर्व्हरशिप. कुठलाही महिना रिकामा सोडायचा नाही. ‘घरी’ हा शब्द लिहायला संकोच वाटू देऊ नका. तक्ता कोणी पाहणार नाही.

हे आधी का? कारण पदवी मिळून किती वर्षं झाली, ही परदेशी पदवीधराच्या अर्जात आधी पाहिल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे. पुष्कळ प्रोग्रॅम पाच वर्षांच्या आतले पदवीधर पसंत करतात, काही तर आणखी अलीकडचे. मधला मोकळा काळ वाचणाऱ्याला दिसतोच. तुम्ही तो निबंधात झाकलात, तर तो स्वतःच्या मनानं भरतो, आणि त्याचं भरणं तुमच्या सत्यापेक्षा बहुधा वाईट असतं.

तक्ता पूर्ण झाला की बघा, खरा गॅप केवढा आहे. अनेकींना वाटतं ‘बाळामुळे तीन वर्षं गेली’, आणि तक्ता सांगतो की त्यातले 14 महिने त्या एका नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करत होत्या आणि आठ महिने परीक्षेचा अभ्यास. गॅप मग चौदा महिन्यांचाच उरतो. हे आधी स्वतःला कळणं गरजेचं.

2. मराठीतून ओतून काढा

पहिला खर्डा इंग्रजीत लिहूच नका. इंग्रजीत बसलात की पहिल्याच ओळीत ‘पॅशन’ आणि ‘जर्नी’ येतात आणि मग त्यांना हलवता येत नाही. घरी जसं बोलता तसं, वऱ्हाडी येत असेल तर वऱ्हाडीत लिहा. डिलिव्हरीनंतर पहिल्यांदा ड्युटीवर गेलात तेव्हा काय झालं. ओपीडीत अंगावर दूध आलं तेव्हा काय केलंत. ‘लेकराले टाकून काहून चालली अमेरिकेले?’ असं मावशी म्हणाली तेव्हा काय उत्तर दिलंत, की दिलंच नाही. आजी किती वाजता उठायची. नवऱ्यानं काय केलं, काय नाही केलं. सगळं. राग असेल तर तोही.

यातलं नव्वद टक्के पुढे गळणार आहे. ते गळण्यासाठीच लिहायचं. न लिहिलेला राग निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात चोरपावलांनी येतो आणि वाचणाऱ्याला नेमकं कळत नाही, पण खटकतं.

3. तीन प्रश्नांनी चाळा

ओतून काढलेल्या पानांतल्या प्रत्येक प्रसंगाला हे विचारा. या प्रसंगात पेशंट आहे का? मूल होण्याआधी मी हे वेगळं केलं असतं का? मी आता काय वेगळं करते, हे हातांनी करायच्या कामाच्या भाषेत सांगता येतं का?

तिन्हींना ‘हो’ मिळालं तरच प्रसंग ठेवा. ‘मी जास्त संवेदनशील झाले’ हे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. संवेदनशील झाल्यावर तुम्ही काय विचारता, काय तपासता, काय लिहून देता, हे उत्तर.

बहुतेक पानं इथे बाद होतात. सगळीच झाली तर घाबरू नका, सरळ सहाव्या पायरीवर जा. एक ओळ लिहा आणि उरलेला निबंध तुमच्या कामाबद्दल लिहा. पॅथॉलॉजी किंवा रेडिओलॉजीच्या अर्जात असं होणं तर स्वाभाविकच. उलट बालरोगाच्या अर्जात धोका दुसराच असतो. तिथे आई असलेली प्रत्येक उमेदवार मुलाबद्दल लिहिते, म्हणून चाळणी आणखी बारीक हवी.

4. एकच प्रसंग पूर्ण लिहा

समजण्यासाठी एक उदाहरण रचतो. उमेदवार फॅमिली मेडिसिनला अर्ज करते आहे. मूल दीड वर्षाचं झाल्यावर ती एका छोट्या दवाखान्यात पुन्हा काम करू लागली. तिचा पहिला खर्डा असा असू शकतो:

‘आई झाल्यावर प्रत्येक बाळात मला माझंच बाळ दिसू लागलं. मातृत्वानं मला संयम, त्याग आणि वेळेचं नियोजन शिकवलं. रात्री जागून मी बाळालाही सांभाळलं आणि अभ्यासही केला. त्यामुळे मी रेसिडेन्सीच्या कष्टांसाठी तयार आहे.’

यात खोटं काही नाही. पण हे वाक्य न वाचताही वाचणाऱ्याला पाठ असतं. त्यातून तिच्या हातून पेशंटचं काय भलं झालं, ते कळत नाही. आता चाळणीतून गेलेला प्रसंग:

‘माझी मुलगी चौदा महिन्यांची असताना तिला जुलाब झाले. तिसऱ्या दिवशी ती खेळायला लागली आणि पाचव्या दिवशी मी झिंकची गोळी द्यायला विसरले. डॉक्टर मीच, आणि पाकीट डोळ्यांसमोर फ्रिजवर. पुन्हा कामावर गेल्यावर मी आयांना “गोळ्या देता ना?” असं विचारणं बंद केलं, कारण त्याला उत्तर नेहमी “हो” असतं. मी पाकीट आणायला सांगते आणि उरलेल्या गोळ्या मोजते. जास्त उरल्या असतील तर रागावत नाही. जुलाब थांबल्यावरही गोळी का द्यायची, हे आता मी आधी आजीला समजावते, कारण दिवसभर बाळ तिच्याजवळ असतं.’

हे का चाललं? झिंक 14 दिवस द्यायची असते, पण जुलाब तीन-चार दिवसांत थांबतात आणि घरचे गोळी बंद करतात. पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाब टाळण्यासाठी उरलेले दिवस महत्त्वाचे असतात. बालरोगाच्या ओपीडीत बसलेल्या कुणालाही हे माहीत आहे. म्हणजे प्रसंग लहान असूनही त्यात वैद्यक खरं आहे. मुलगी दोन वाक्यांत येते आणि बाजूला होते. उरलेला परिच्छेद पेशंटच्या पाकिटाबद्दल आहे. आणि आजी आली आहे. अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या प्रोग्रॅमला कुटुंब हाताळणारा डॉक्टर हवा असतो, त्याला इथे तो दिसतो, न सांगता.

तुमचा प्रसंग झिंकचा नसेल. एखाद्या आईला दर दोन तासांनी दूध पाजायला सांगितलं आणि रात्री तिच्याबरोबर कोण उठतं हे कधी विचारलंच नाही, असा असेल. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात टाकायचं असतं आणि घरात लिटरचं माप नसतं, असा असेल. सिकलसेलच्या मुलाला दर हिवाळ्यात घेऊन येणाऱ्या बापाशी तुम्ही आता वेगळं काय बोलता, असा असेल. शोधताना मोठी घटना शोधू नका. मोठ्या घटनांत सगळ्यांचं वागणं सारखं असतं.

5. जागा ठरवा

पहिला परिच्छेद मुलाला देऊ नका. वाचणारा शेकडो अर्ज चाळतो. पहिल्या ओळीत बाळ दिसलं की पुढचा निबंध तो ‘आईचा अर्ज’ म्हणून वाचतो, आणि तुमचं क्लिनिकल काम त्याखाली दबतं. शेवटचा परिच्छेदही नको, तिथे बाळ आलं की निबंध भावगीतावर संपतो. दुसरा किंवा तिसरा परिच्छेद योग्य. आधी तुमचं काम दिसू द्या, मग त्या कामाला मुलामुळे मिळालेलं वळण.

याला नुसता अंदाज समजू नका. 2007 साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’त शेली कोरेल आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग आला. एकाच तोडीचे दोन बायोडाटा, फरक एवढाच की एकात पालक-शिक्षक संघाचं काम नमूद, म्हणजे ही बाई आई आहे हे कळावं. आई असलेल्या उमेदवाराला क्षमता आणि कामावरची निष्ठा, दोन्हींत कमी गुण मिळाले. खऱ्या कंपन्यांना अर्ज पाठवले तेव्हा मूल नसलेल्या स्त्रियांना सुमारे दुप्पट बोलावणी आली. बापांना असा तोटा झाला नाही. ती नोकरीची बाजारपेठ होती, रेसिडेन्सी नव्हे. तरी यातून एक उपयोगाची गोष्ट निघते: नुसता उल्लेख तोट्याचा असतो. मूल आलं तर कामासकट यावं.

6. गॅपची ओळ

ही ओळ निबंधात एकदाच, कोरडी, तारखांसकट. उदाहरणार्थ: ‘मार्च 2022 ते डिसेंबर 2022 मी मुलाच्या जन्मासाठी काम थांबवलं, जानेवारी 2023 पासून पुन्हा पूर्णवेळ काम करते आहे.’ बस.

‘दुर्दैवानं’, ‘नाइलाजानं’, ‘तरीही मी हार मानली नाही’ हे शब्द खोडा. मूल होणं हा अपघात नव्हता आणि क्षमा मागायचंही काही नाही. दुसरं वाक्य मात्र महत्त्वाचं, त्यात आज तुम्ही काम करता आहात हे दिसतं. गॅप संपला हे कळलं की बहुतेक वाचणारे पुढे सरकतात. अर्जात शिक्षण किंवा प्रशिक्षण खंडित झालं का, असा वेगळा प्रश्न असतो. पीजी मध्येच प्रसूतिरजेमुळे लांबलं असेल तर तिथेही हेच लिहा, शब्द बदलू नका. दोन ठिकाणी दोन वेगळ्या तारखा दिसणं हे कुठल्याही गॅपपेक्षा वाईट.

7. महती काढून टाका

आपल्याकडे आईबद्दल लिहायचं म्हटलं की हात आपोआप एका चालीवर पडतो. पाचवीतला ‘माझी आई’ हा निबंध, शिक्षकदिनाची भाषणं, साने गुरुजींचं वळण. त्या परंपरेत आई नेहमी देते, झिजते आणि कधी चुकत नाही. आता तुम्ही स्वतःच ती आई आहात, म्हणून ही चाल स्वतःला लावायचा मोह दुप्पट होतो. अमेरिकन वाचणाऱ्याला त्यात स्वतःची स्तुती ऐकू येते.

म्हणून खर्ड्यातले पुढचे शब्द शोधा आणि त्यांच्यावर रेघ मारा: त्याग, निःस्वार्थ, तारेवरची कसरत, सुपरमॉम, माझं जग, माझी प्रेरणा. ‘बाळाला सांभाळून अभ्यास केला’ हे वाक्यही जाऊ द्या. आजी सांभाळत होती, हे तुम्हाला माहीत आहे, आणि मुलाखतीत कुणी विचारलं की चेहऱ्यावर येईल. आजीचं नाव न लपवता एका वाक्यात घेतलं तर ते जास्त चांगलं दिसतं, शिवाय खरंही आहे.

आनंदीबाई जोशींनाही काढा. मराठी मुलींच्या खर्ड्यात त्या पहिल्या परिच्छेदात हमखास येतात, आणि ते वाईटही वाटत नाही. पण तुमच्या एका पानातल्या पाच ओळी त्या घेऊन जातात. निबंधात घेण्यापेक्षा त्यांच्याकडून लिहायचं कसं ते शिका. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला, तो दहा दिवस जगला. 1883 च्या जूनमध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिलं, आणि त्यातल्या ज्या ओळी आज सगळीकडे सांगितल्या जातात, त्यांत हे बाळ नाही. पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या मायदेशातल्या स्त्रिया आहेत, आणि त्यांना उपचार मिळावेत हा हेतू आहे. स्वतःचं दुःख सांगून सहानुभूती मागता आली असती. त्यांनी इतरांची गरज सांगून जागा मागितली. अठरा वर्षांच्या मुलीनं दुसऱ्या देशातल्या अनोळखी माणसांना लिहिलेलं ते पत्र आहे. प्रवेश मिळाला, 1886 मध्ये पदवीही मिळाली.

8. बाप अर्ज करत असेल तर

बापाच्या निबंधात मूल आलं की लोकांना तो हळवा, जबाबदार वाटतो. फायदा आयता मिळतो, म्हणूनच जास्त जपून. ‘रात्री डायपर बदलले’ हे कर्तृत्व म्हणून लिहू नका. वाचणाऱ्यांत आया असतात. चाळणी तीच. पेशंट कुठे आहे, काय बदललं. बायकोनं तिचं पीजी पुढे ढकललं असेल आणि तुम्ही अर्ज करत असाल, तर घरी तिला निबंध वाचायला द्या. ती जिथे भुवई उंचावेल ती ओळ काढा.

9. अमेरिकेतच मेडिकल स्कूलला अर्ज करणाऱ्यांसाठी

नागपूरहून लग्न होऊन न्यू जर्सी किंवा टेक्सासला गेलेल्या, तिथे प्री-मेड पूर्ण केलेल्या काही जणी असतात. त्यांचा अर्ज एएमसीएएसवरून जातो आणि आकडे वेगळे. मुख्य निबंधाला रिकाम्या जागा धरून 5,300 अक्षरं. अनुभव जास्तीत जास्त 15, प्रत्येकी 700 अक्षरं, आणि त्यातल्या तीन अनुभवांना जोडून आणखी 1,325. घरातल्या आजारी माणसाची किंवा विशेष गरजा असलेल्या मुलाची काळजी घेण्यात तास गेले असतील तर ते अनुभव म्हणून नोंदवता येतात. सर्वसाधारण मूल वाढवणं तिथे टाकू नका, ते पोकळ दिसतं. 2024 च्या प्रवेशफेरीपासून ‘इतर प्रभावी अनुभव’ असा 1,325 अक्षरांचा ऐच्छिक रकाना आहे; व्हिसामुळे काम करता आलं नाही, त्या काळात मूल झालं, पैसे कमी होते, ही गुंतागुंत त्या रकान्यात ठेवा. मुख्य निबंध त्यातून मोकळा होतो. टेक्सासच्या वेगळ्या अर्जात मुख्य निबंध 5,000 अक्षरांचा. बाकी कृती वरचीच.

10. शिफारसपत्रांवर नजर ठेवा

तुम्ही निबंध घासूनपुसून तोलून लिहिता, आणि सर प्रेमानं लिहून देतात, ‘लहान मूल असूनही ती अत्यंत मेहनती आहे.’ त्या ‘असूनही’नं सगळं जातं. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का यांनी 2003 मध्ये एका अमेरिकन मेडिकल स्कूलच्या प्राध्यापकपदासाठी आलेली तीनशेहून जास्त शिफारसपत्रं तपासली. स्त्रियांची पत्रं सरासरीनं आखूड होती आणि शंका पेरणारी वाक्यं त्यांत जास्त होती. इरासमध्ये शिफारसपत्र वाचण्याचा हक्क तुम्ही बहुधा सोडलेला असतो, म्हणून पत्र पाहता येत नाही. पण आधी बोलता येतं. सरांना किंवा मॅडमना एक कागद द्या: मी तुमच्या युनिटमध्ये अमुक काळ होते, या केसेस सांभाळल्या, हे प्रेझेंटेशन केलं. आणि नम्रपणे, ‘सर, घरच्या परिस्थितीबद्दल मी स्वतः निबंधात लिहिलंय, पत्रात फक्त वॉर्डातलं काम आलं तर बरं होईल.’ यात उद्धटपणा काही नाही. बहुतेक सरांना काय लिहावं हे कोणी सांगितलं तर हवंच असतं.

11. ज्याबद्दल शांतपणे बोलता येत नाही, ते लिहू नका

गर्भपात, आयव्हीएफची वर्षं, गमावलेलं बाळ, प्रसूतीनंतरचं नैराश्य. यातून गेलेल्या डॉक्टरकडे सांगण्यासारखं खूप असतं आणि ते खोलही असतं. पण निबंधात लिहिलेली प्रत्येक ओळ मुलाखतीत समोरचा माणूस पुन्हा विचारू शकतो, कॅमेऱ्यासमोर, तुमच्याकडे रात्रीचे दहा वाजलेले असताना. मोठ्यानं तीनदा सांगून पाहा. तिसऱ्यांदाही आवाज फुटत असेल तर या वर्षीच्या अर्जात ते नको.

मुलाचाही विचार करा. नाव नको, त्याचं निदान नको, फोटो तर नकोच. पेशंटचं नाव-गाव जसं लपवता तसंच लेकराचं. ते मोठं होईल आणि कदाचित हे वाचेल.

12. मुलाखतीची दोन वाक्यं तयार ठेवा

अमेरिकेत लग्न, मुलं, पुढे मूल होऊ देणार का, असले प्रश्न प्रोग्रॅमनं विचारू नयेत, असं रेसिडेन्सी मॅचचे नियम सांगतात. पण निबंधात मूल तुम्ही आणलं असेल तर त्याबद्दल गप्पा होणारच, आणि त्यात गैर काही नाही. ‘मुलाला कोण सांभाळेल?’ याचं उत्तर दोन वाक्यांत, हसून, आणि खरं: आई येणार आहे की नवरा, डे-केअर की दोन्ही. तिसरं वाक्य सुरू झालं की समजा, तुम्ही समजूत घालायला लागलात. मग विषय पुन्हा कामावर आणा.

तुम्हाला उलट विचारायचं असेल तर रजेबद्दल माहिती घेऊन ठेवा. अमेरिकेत रेसिडेन्सीच्या मान्यतेचं काम करणाऱ्या एसीजीएमईच्या नियमानुसार जुलै 2022 पासून प्रत्येक रेसिडेंटला प्रशिक्षणकाळात किमान एकदा सहा आठवड्यांची पूर्ण पगारी वैद्यकीय, पालकत्वाची किंवा काळजीवाहूची रजा द्यावी लागते. हे माहीत असलं की मुलाखतीत ‘रजा मिळेल का?’ असं विचारावं लागत नाही. निवड झाल्यावर ऑफिसला विचारता येतं. व्हिसाचं, म्हणजे मूल आणि नवरा जे-2 वर येतील वगैरे, निबंधात काहीच नको.

13. वाचून घ्या, मग पेस्ट करा

इंग्रजी झाल्यावर दोघांना द्या. एक, ज्यानं तुमच्याबरोबर वॉर्डात काम केलंय, तो वैद्यक तपासेल. दुसरा, ज्याला तुमच्या घरचं काहीच माहीत नाही. दुसऱ्याला वाचून झाल्यावर एकच विचारा: हिला मूल आहे हे सोडून हिच्याबद्दल काय कळलं? उत्तर लगेच आलं तर निबंध बसला. ‘चांगली आई आहे’ असं उत्तर आलं तर पाचवी पायरी पुन्हा.

कन्सल्टंटचा विकत घेतलेला नमुना वापरू नका. इरासची यंत्रणा उचललेला मजकूर पकडते आणि तशी तक्रार प्रोग्रॅमपर्यंत जाते. निबंध नोटपॅडमध्ये साध्या अक्षरात टाका. वर्डमधली वळणदार अवतरणचिन्हं आणि लांब डॅश पुढे प्रश्नचिन्हं होऊन दिसतात. प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळा निबंध जोडता येतो, त्यामुळे बालरोगासाठी मुलीचा प्रसंग आणि इंटर्नल मेडिसिनसाठी त्याविना, अशा दोन प्रती करता येतात. फाइलच्या नावातच विषय लिहा, नाहीतर चुकीची जोडली जाते.

शेवटी वहीतला महिन्यांचा तक्ता पुन्हा काढा आणि अर्जातल्या तारखा एकेक करून जुळवा. निबंध नंतरही सुधारून नव्यानं जोडता येतो, पण अर्ज एकदा सबमिट झाला की अनुभवांच्या तारखा बदलता येत नाहीत.